पाऊण तासाचं अंतर

"डबा कशाला? पाऊण तासात पोचतोय आपण. जेवण लेकीकडेच," घरातून निघताना घड्याळजींनी फर्मान सोडलं. बायकोने तरीही डबा पिशवीत सरकवला.

घड्याळजींचा उभा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. वेळ एकच असते, जुळत नसेल तर घड्याळ बिघडलंय, असं त्यांचं ठाम मत. लेकीचं लग्न परमुलखातल्या मुलाशी ठरत होतं तेव्हा ते अडून बसले होते. शेवटी मुलाने आपलं विमानाचं तिकीट पुढे केलं. सुटणार दहाला, पोचणार पावणेअकराला. "अरे, हे तर हाकेच्या अंतरावर!" म्हणत त्यांनी होकार दिला. पण लग्नानंतर दोन वर्षं लेक एकदाही माहेरी आली नाही. पाऊण तासावरून पोरीला येववत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं. तिच्याशी फोनवर बोलणंही त्यांनी टाकलं. आता तिनेच तिकिटं पाठवली होती आणि हे निघाले होते ते तिला जाब विचारायला.

विमान दहाला सुटलं. पावणेअकराला घड्याळजी उठले, वरची पिशवी काढली आणि वाटेत उभे राहिले.

"काका, बसून घ्या," हवाईसुंदरी म्हणाली. "अजून सहा तास आहेत."

"सहा? विमान रस्ता चुकलं की काय?"

मागच्या रांगेतल्या आजींनी 'चुकलं' तेवढंच ऐकलं. त्यांनी ते शेजारी सांगितलं, शेजाऱ्याने पलीकडे, आणि बातमी शेपटाकडे पोचेपर्यंत विमानातलं इंधनही संपलं होतं. रडारड सुरू झाली. अखेर वैमानिकाला जाहीर करावं लागलं की विमान वाटेवरच आहे, इंधन भरपूर आहे आणि उभ्या गृहस्थांनी कृपा करून बसावं.

बायकोने डबा उघडला. "दोन घास खा आधी. तिथलं घड्याळ आपल्या सहा तास मागे असतं."

"म्हणजे बिघडलेलं?"

"नाही हो. तिथे सूर्यच उशिरा उगवतो."

घड्याळजी खाली बसले. सूर्य काही दुरुस्तीला घेता येत नव्हता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तिकीट दाखवलं त्याच दिवसापासून. पोरगी रडत आली होती माझ्याकडे, बाबांना खरं सांगू का म्हणून. मीच नको म्हटलं. तुम्ही हो म्हणाला असता का?"

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर नुसते ढग होते, संपतच नव्हते. एवढ्या लांब पोर एकटी गेली आणि आपण तिचा फोनही घेतला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी डबा झाकून ठेवला.

विमानतळाच्या दाराशी लेक उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा, रागावलात ना? मी तेव्हाच सांगायला हवं होतं. रजाच मिळत नव्हती हो..."

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. ती तिथेच रडायला लागली. जाब विचारायचा राहूनच गेला.

संध्याकाळी तिने भीतभीतच फोन पुढे धरला. "परतीचं तिकीट आठवड्यानंतरचं काढतेय, बाबा. चालेल ना?"

घड्याळजींनी चष्मा लावला. विमान सकाळी सुटत होतं आणि रात्री पोचत होतं. त्यांनी दोन्ही वेळा पुन्हा वाचल्या आणि फोन तिच्या हातात परत दिला.

"छे, छे! जायला अख्खा दिवस? एवढा लांबचा प्रवास मला इतक्यात झेपायचा नाही. बघू दोन-चार महिन्यांनी."