ओट्याखालचं झाड

मावशी महिनाभर लेकीकडे राहून परत येईपर्यंत तिची झाडं जगली, तर भाच्याला वरची खोली मिळणार होती. दोन खिडक्या, वेगळा जिना, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावरून कायमची सुटका. बदल्यात द्यायचं काय, तर पाणी. सौदा इतका स्वस्त की त्याला मावशीची दयाच आली.

निघताना तिने एकेकाची ओळख करून दिली. हा नेचा, याला कोरडं ठेवू नकोस. हा निवडुंग, याला पाणी दाखवूसुद्धा नकोस. भाचा मान डोलवत होता. झाड ते झाड, असं त्याचं मत. त्या मताला जागून त्याने सगळ्यांना सारखंच पाणी घातलं. आठवडाभरात निवडुंग आतून मऊ पडला आणि मान टाकून मोकळा झाला.

मग एका दुपारी बादली भरताना त्याला ओट्याखालच्या कपाटाच्या फटीतून एक बोट बाहेर आलेलं दिसलं. पांढरंफटक, बिनपानाचं, टोकाशी जरा जांभळं. काही दिवसांत त्याला भावंडं झाली. मग ती सगळी मिळून खिडकीकडे वळली, आणि खिडकीच्या वाटेत भाच्याचा पाय होता.

त्याने मावशीला फोन लावला. निवडुंगाचा विषय गिळून टाकला आणि विचारलं, अंधारात वाढणारं, पानं नसलेलं ते झाड कोणतं?

"माझ्याकडे असलं झाड नाही," मावशी म्हणाली. "का रे?"

"सहज."

त्याने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, ते घेतलंच. नळ आत, झाडं बाहेर. न्हाणीघरही त्याच दारापलीकडे, म्हणून तो अंघोळीला मित्राकडे जाऊ लागला. झाडांना मित्र नव्हता. दाराला कान लावला की आत कागदावर काहीतरी सरपटल्यासारखं वाटायचं. इकडे नेचा वाळून केरसुणी झाला.

मावशी आली. सरळ आत गेली, कपाट उघडलं. भाच्याने सोफ्याआड डोळे मिटून घेतले.

"अगंबाई, बटाटे राहिले होते होय."

"पण तू तर म्हणालीस, असलं झाड नाही."

"झाड कुठलं? भाजी आहे ती."

मग तिने कुंड्यांवरून नजर फिरवली. सगळ्यांत लांब बोटांचा बटाटा तिने निवडुंगाच्या रिकाम्या कुंडीत लावला. त्याला ऊन हवं, म्हणून कुंडी वर नेली.

एकूण हिशोब असा. निवडुंगाने जीव गमावला, नेच्याने पानं, मावशीने विश्वास. भाचा अजून सोफ्यावरच आहे. वरची खोली, दोन्ही खिडक्यांसकट, बटाट्याला मिळाली. त्याला पाणी घालायला भाचा वर जातो, आणि आत शिरण्याआधी दार वाजवतो.