नळीचं दुसरं टोक

आमचे शिदूनाना भर दुपारी, उघड्या माळावर, समोर कुणीही नसताना "सावधान!" म्हणून ओरडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच पाय जुळवून ताठ उभा राहिलो होतो. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला न्हाई सायेब. तुमी बसा."

मी कृषी सहायक. गाव इस्लामपूरकडचं, म्हणजे घरचा ऊस. बदली झाली ती आटपाडी तालुक्यात, म्हसवडच्या रस्त्याला. इथली माणसं मला तोंडावर 'सायेब' आणि पाठीमागं 'ऊसवालं' म्हणतात. जन्मभर कालव्याच्या पाण्यात पाय बुडवून बसलेल्या माणसानं आपल्याला पाणी अडवायला शिकवावं, याची त्यांना मोठी गंमत वाटते. खरं तर मलाही वाटते, पण पगार त्याचाच आहे.

इथला पाऊस अलीकडं बिघडला आहे. पूर्वीही कमीच होता, पण थोडाथोडा पडायचा. आता महिना महिना तोंड दाखवत नाही आणि मग एका दुपारी सगळाच्या सगळा कोसळतो. बाजरी आणि माती, दोन्ही ओढ्याला घालून निघून जातो. त्यावर उपाय म्हणजे उताराला आडवे बांध. पण बांधाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पातळीवर हवी. जरा चुकली की पाणी सखल जागी गोळा होतं आणि बांध फोडतं. नानांच्या शेतात असे चार बांध होते. सगळ्यात वरचा, पाचवा, राहिला होता, आणि तो नसल्यामुळं मागच्या दोन पावसाळ्यांत वरचं वावर खरवडून निघालं होतं. "औंदा आनि एक फटका बसला की हितं नुसता खडक," नाना म्हणायचे.

रेघ आखायला त्यांच्याकडं गवंड्याची पारदर्शक नळी होती. दोन काठ्या, दोन्हींवर खुणा, आणि प्रत्येकीला नळीचं एकेक टोक बांधलेलं. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच खुणेवर थांबलं की त्या दोन जागा एका पातळीत. हे काम दोन माणसांचं. नाना ते एकटे करायचे. एक काठी माळावर उभी करायची, दुसरी घेऊन दहा-बारा पावलं चालायचं, वळायचं आणि म्हणायचं, "सावधान! हालू नगंस." मग पाणी स्थिरावलं की चुन्याच्या फक्कीची पांढरी खूण करायची आणि "विश्राम" म्हणून पुढं सरकायचं. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्यामुळं हुकमाचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते काठीचं.

या मुरमात खुंटी रोवायची तर पहार लागते. त्यात त्या दिवशी वारा असा, की माझी टोपी मी दोनदा पळत जाऊन आणलेली. काठी मात्र सरळ उभी. मी जवळ जाऊन वाकून बघितलं. बुडाला खड्डा नव्हता, दगडाची पाचरसुद्धा नव्हती.

"नाना, मी धरू का हे टोक?"

"जागा रिकामी न्हाई," नाना तिकडून म्हणाले. "आन् लांब ऱ्हावा. धक्का लागंल तिला."

तिला म्हणजे काठीला, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पातळी मोजायची सरकारी दुर्बीण घेऊन मी त्यांची रेघ तपासली. चूक सापडावी अशी माझी फार इच्छा होती. बोटभरही सापडली नाही.

शेवटी शेजारच्या वावरात काटक्या गोळा करणाऱ्या शांताक्कांना विचारलं.

"आवं, ते हौसाचं टोक हाय," त्या म्हणाल्या. "नानाची मालकीन. दोन सालामागं गेली. हे चारी बांध तिनंच आखल्यात, एकटीनं."

"एकटीनं कसे?"

"नाना तवा फौजंत. ही काठी ठेवायची, तिकडं जायची आन् वरडायची, 'धरा वं फौजी, हालू नगा!' आमी लय हसायचो. खुळी झाली म्हनायचो." शांताक्कांनी काटक्यांची मोळी आवळली. "पर काठी कवा पडली न्हाई तिची."

मी त्यांच्याकडं पाणी मागितलं आणि दोन तांबे प्यायलो.

बांध घालायचं मशीन सोमवारी सकाळी येणार होतं. तो दिवस हुकला असता तर पावसाआधी ते परत मिळणार नव्हतं. रविवारी दुपारी रेघ माळाच्या कडेच्या बाभळीपर्यंत आली आणि काठी पडली. नानांनी ती उभी केली. "सावधान!" पुन्हा पडली. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता, बाभळीचं पान हलत नव्हतं. तिसऱ्यांदा पडली तेव्हा नानांचा आवाज बदलला. "हौसा," ते म्हणाले, "आगं, थोडंच ऱ्हायलंय." मग ते काठी उचलायला गेलेच नाहीत, तिथंच मातीत बसले.

या माणसाची मनातल्या मनात थट्टा करायची मला सवय झाली होती. आता मात्र मी पुढं झालो.

"नाना, धरू का मी?"

नाना काठीकडं बघत म्हणाले, "माझ्या नावानं ती काठी उभी करायची सायेब, आन् मी तर हितं नव्हतोच. बांध घालून घर बी तिनंच चालवलं. आता मी वरडतो तर ती येती. जाऊन दोन वर्सं झाली, तरी येती. दमली आसंल." मग हळूच म्हणाले, "धरा."

मी काठी उचलली. इतका वेळ तापल्या मुरमावर पडलेली ती काठी धरायच्या जागी ओली होती, घामेजल्या हातातून आत्ताच सुटल्यासारखी. मी जरा सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून उभा राहिलो.

"सावधान!"

मी पाय जुळवले. नळीतलं पाणी हेलकावलं, स्थिरावलं, खुणेवर थांबलं. नानांनी फक्कीची शेवटची खूण केली आणि ते काठी टेकत माझ्याकडं चालत आले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. शेजारच्या मोकळ्या जागेसमोर उभे राहिले.

"बांध झाला गं तुजा," ते म्हणाले. "विश्राम."

हा हुकूम मला नाही, हे या वेळी मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मी तसाच ताठ उभा राहिलो.