अप्पांच्या नावावरचे दणके

अतुल बोत्रेने पिकअप उंच करून घेतली त्या दिवसापासून तिचे दणके गाडीत बसलेल्या माणसाला लागायचे बंद झाले आणि ते बोरखडीला त्याच्या वडिलांना लागू लागले.

यात गाडीची काही चूक नव्हती. तिच्या काचेवर 'अप्पांचा आशीर्वाद' असं लिहिलेलं होतं. आमच्याकडे गाडीच्या काचेवर कुणाचं तरी नाव घालायची पद्धत आहे. आईचं, आजोबांचं, नाहीतर ग्रामदैवताचं. नाव घालताना त्या माणसाला विचारायची पद्धत मात्र नाही. गाडी उंच करतोय एवढंच अतुलने फोनवर सांगितलं होतं. अप्पा "हं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बापाच्या 'हं'चा अर्थ मुलाने आपल्या सोयीने लावायचा असतो, तसा त्याने लावला आणि त्याच दिवशी पिवळ्या रंगात नाव रंगवून घेतलं.

तसं पाहिलं तर उंचीची गरज नव्हती. अतुल पोल्ट्रीवरून तालुक्याच्या बाजारात अंडी पोचवायचा, आणि अंड्यांना उंची लागत नाही. पण बाजारातल्या बाकीच्यांनी आपापल्या पिकअप उंच करून घेतल्या होत्या आणि त्यांच्या रांगेत अतुलची गाडी म्हशीच्या कळपात रेडकू उभं राहावं तशी दिसायची. म्हणून मुजावर मिस्त्रीने मागच्या स्प्रिंगला दोन पाटे वाढवले, पुढे ठोकळे घातले आणि शॉकअप जुनेच ठेवले. अशी गाडी चालवणाऱ्याचं कंबरडं मोडतं. अतुलचं मोडलं नाही. गाडी खड्ड्यात जायची, दाणकन आपटायची, आणि त्याच्या हातातल्या कपातला चहा हलायचासुद्धा नाही. एकही अंडं फुटेना. मग काचवाले आले, कुंभार आले, लग्नात केकची ऑर्डर घेणारे आले. अतुलचा धंदा जोरात चालला आणि तो रांगेत ताठ मानेने उभा राहू लागला.

इकडे अप्पा शिलाई मशीनवर बसलेले असत. चाळीस वर्षं बोरखडीचे ब्लाउज, झबली आणि पोरांचे गणवेश त्यांनीच शिवले. टीप सरळ चाललेली असायची, तेवढ्यात त्यांना खालून दणका बसायचा, ते स्टुलावरून वीतभर उडायचे आणि टीप बाहीवरून काखेत जायची. गावाने ही गोष्ट रीतसर हाताळली. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी केसपेपरवर 'वाहनाचा दणका, वाहन अन्यत्र' असं लिहून कंबरेला लावायचं मलम दिलं. ग्रामसेवकांनी प्रकरण नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की दणका घेणारा आपल्या हद्दीत असला तरी खड्डा हद्दीबाहेर आहे, त्यामुळे पंचायतीला काही करता येणार नाही. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. अप्पांची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. अतुलला कुणी कळवायचं नाही, एवढंच त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

सुभद्राकाकूंनी मात्र ऐकलं नाही. त्या अप्पांच्या शेजारच्या. पुतणीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला ब्लाउज घेऊन त्या तालुक्याला अतुलच्या घरी आल्या आणि त्यांनी तो त्याच्यापुढे पसरला.

"तुज्या गाडीचं दणकं अप्पास्नी बसत्यात. ह्यो बघ, ह्यो चौफुलीचा खड्डा," त्यांनी वाकड्या टिपेवर बोट ठेवलं. "आन् ही वड्याची मोरी. पाठीवर हाय न्हवं, ती पोल्ट्रीची चढण. म्या लग्नात ह्यो घालून कुठं बसू, सांग."

अतुलने ब्लाउज हातात घेतला. सगळा रस्ता त्यावर उमटला होता. त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अप्पांनी आयुष्यात एक टीप वाकडी घातली नव्हती, आणि आता गावातल्या बायका त्यांच्या हातचं वाकडं घालून लग्नाला जाणार होत्या, ते त्याच्यामुळे. काकू गेल्यावर त्याने बायकोकडे पाहायचंही टाळलं.

लाज वाटली की माणूस सरळ जाऊन पाय धरत नाही, आधी पळवाट शोधतो. अतुलने आधी गाडी हळू चालवून पाहिली, पण ऑर्डरी वाढलेल्या होत्या आणि हळू चालवणं परवडेना. मग त्याने काचेवरचं नाव बदलायचं ठरवलं. सासऱ्यांना विचारलं. सासरे म्हणाले, एवढा मान आम्हाला नको. मोठ्या मेहुण्याला विचारलं, तर त्याने मणक्याचा रिपोर्टच काढून दाखवला. शेवटी तो ग्रामदैवताच्या देवळात गेला. गुरवाने देवाला कळी लावून कौल मागितला. कळी डावीकडे पडली, म्हणजे देवाचाही नकार. देवाला तालुक्यातल्या इतक्या गाड्यांचं आधीच सोसावं लागत असेल, असं गुरव म्हणाला आणि त्याने अतुलच्या हातावर अंगारा ठेवला.

नाव नुसतंच पुसून टाकावं, हेही अतुलच्या मनात आलं. पण बापाचं नाव पुसलेली काच घेऊन बाजारात उभं राहायची त्याला जास्त लाज वाटली. म्हणजे एकच उरलं. तो मुजावर मिस्त्रीकडे गेला आणि गाडी मऊ करून दे म्हणाला. मिस्त्रीने वाढवलेल्या दोन पाट्यांपैकी एक काढला, उंचीला बसतील असे लांब शॉकअप घातले, झिजलेले बुश बदलले आणि चाकांतली हवा कमी केली. गाडी होती तेवढीच उंच दिसत होती. चौफुलीच्या खड्ड्यात ती गाय बसावी तशी अलगद बसली आणि अलगद उठली. अतुलने जाऊन-येऊन पुन्हा पुन्हा तोच खड्डा घेतला. दणका कुठे गेलाच नाही, कारण दणका उरलाच नव्हता.

दोन-तीन दिवस त्याने तशीच गाडी चालवली, खात्री झाली, आणि मग तो बोरखडीला निघाला. हे सांगायला जाताना त्याला आनंद होत होता. बोरखडीचा फाटा त्याच्या रोजच्या रस्त्यावरच आहे. फाट्यावर गतिरोधक आहे, आणि तिथून आत वळलं की गाव काही लांब नाही. याआधी आपण कधी वळलो होतो, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला आणि मग तो प्रयत्न सोडून दिला.

अप्पा मशीनवर नव्हते. ते ओट्यावर बसले होते, दाढी वाढलेली होती, आणि मशीनवर झाकण घातलेलं होतं. सुभद्राकाकूंनी आणलेली भाकरी ताटात तशीच होती. अतुलला पाहिल्यावर त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हात पाहिले, पाय पाहिले, आणि मग श्वास सोडला.

"गाडी इकलीस व्हय?" त्यांनी विचारलं.

अतुल म्हणाला, विकली नाही, दुरुस्त केली, आता तुम्हाला काही लागायचं नाही. अप्पांनी भाकरीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, मंगळवारपासून एकही बसला नाही. त्यांना वाटलं, गाडी कुठे तरी उलटली असेल आणि कुणी आपल्याला कळवत नसेल. फोन करायचा धीर झाला नाही.

अतुल ओट्याच्या कडेला टेकला. कंबरेला बरं पडलं असेल, असं काहीतरी तो म्हणाला.

"कंबरंचं काय घिऊन बसलास," अप्पा म्हणाले. "चौफुलीचा बसला की कळायचं, पोरगं पोल्ट्रीवरनं निगालं. मग मोरीचा बसायचा. मग फाट्याच्या गतिरोधकाचा. त्यो बसला की मी च्याचं आधण ठेवायचो."

"रोज?"

"रोज." अप्पांनी धोतराचा सोगा झटकला. "मग जरा येळानं शिंदेवाडीच्या पुलाचा बसायचा. तवा कळायचं, म्होरं गेलास."

शिंदेवाडीचा पूल फाट्याच्या पुढे, तालुक्याच्या अंगाला आहे. अतुलने मान खाली घातली. काकूंचा ब्लाउज पाहून वाटलेली लाज काहीच नव्हती, इतकी लाज त्याला आता वाटली. घरातल्या चुलीवर रोज उकळून आटलेला चहा त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि त्याला ओट्यावर बसवेना. अप्पा मात्र उठले. त्यांनी आत जाऊन चहा केला. दोघांनी तो घेतला. चांगला झाला होता.

तिथून अतुल थेट मुजावर मिस्त्रीकडे गेला आणि काढलेला पाटा परत घाल, जुने शॉकअप बसव, म्हणाला. गाडी मऊ झालेली असताना ती पुन्हा कडक कशाला करायची, असं मिस्त्रीने विचारलं. खरं सांगायला अतुलची जीभ उचलेना. अंडी घसरतात, असं त्याने सांगितलं. मिस्त्रीने मान डोलावली आणि तो कामाला लागला. ओझं मऊ गाडीत घसरतं, हे मिस्त्री लोकांना माहीत असतं.

आता या गोष्टीला बरेच महिने झाले. अप्पा मशीनवर बसतात, दणके बसतात, आणि बोरखडीच्या बायकांनी वाकड्या टिपेची सवय करून घेतली आहे. अतुल आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा फाट्यावर वळतो. ज्या दिवशी वळायचं नसतं त्या दिवशी तो गतिरोधकाच्या अलीकडे गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतो आणि एकेक चाक इतकं हळू उतरवतो, की मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागतात. अप्पांना उगाच आशा लागू नये, म्हणून.

अप्पांना चौफुलीचा बसतो, मोरीचा बसतो, आणि मग बराच वेळ काहीच बसत नाही. त्या दिवशी ते आधण ठेवत नाहीत. याबद्दल बापलेकांत कधी बोलणं झालेलं नाही.