सटवाजी माहुतांनी हौसा हत्तिणीसाठी नऊशे रुपये कोठे ठेविले त्याची हकीकत

श्री हेरंब प्रसन्न असो, ऐकणाराचे पोट भरलेले असो आणि सांगणाराचा घसा ओला असो. शके सत्राशे बारा, साधारणनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवसापासून दोन वर्षे एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे. राज्य थोर, नाव सांगून कोणाचे पोट भरत नाही. त्या राज्याचे पिलखान्यात हौसा नामे हत्तीण होती, आणि तिचे माहूत सटवाजी होते, आणि दोघांची उमर एकच, अठ्ठावन्न, आणि पावसाळा लागला की दोघांचेही गुडघे एकदमच धरत. ते समयी हुजुरांचा कायदा ऐसा होता की, हत्तीस साठ वर्षे भरली म्हणजे दसऱ्याचे दिवशी तो विकावा. ज्या माहुताने पोसला त्याचा हक्क पहिला, परंतु दुपारचा नगारा होण्याआधी रोख हजार रुपये सदरेवर मोजावे, न मोजल्यास गिऱ्हाइकाने न्यावा. आणि गिऱ्हाईक तयारच होते. लाकडाचे ठेकेदार रंगोबा हे पिलखान्यात आले आणि हौसाचे पायावर थाप मारून बोलिले, "काय म्हातारे, दोन वर्षांनी माझे ओंडके ओढशील ना? मरेस्तोवर काम देतो तुला."

सटवाजींचे अंगाची आग जाहली. चाऱ्याची चिंता नव्हती, म्हाताऱ्या हत्तीस सरकारी रानात चराई माफ होती. चिंता हजाराची होती. जन्माची शिल्लक नऊशे रुपये, ती गव्हाणीखाली मडक्यात पुरलेली, आणि मडक्यात पैसा वाढत नाही हे सटवाजींस तीस वर्षांनी उमगले. मग ते घरी गेले आणि कुटुंबास, म्हणजे सगुणाबाईंस, बोलिले, "कोठीत ठेवू. लोक ठेवतात, वर व्याज मिळतं म्हणे."

"कोणत्या कोठीत?" सगुणाबाई पुसत्या जाहल्या.

"सोनेरी कमानीच्या. पन्नास रुपये ठेवले की तांब्याचं घंगाळ फुकट देतात. हौसाला पाणी प्यायला होईल."

"अहो, व्याज किती?"

"ते नाही विचारलं."

"घंगाळापायी हत्तीण घालवाल! जा, विचारून या."

मग सटवाजी हत्तिणीवर बसून निघाले, कारण त्या राज्यात माहूत कामावर पायी गेला तर त्याची इभ्रत जात असे. सोनेरी कमानीचे कोठीत कळले की व्याज शेकडा चार, पैसा हवा तेव्हा काढा, परंतु पन्नासाखाली शिल्लक गेली तर दरमहा चार आणे दंड. पुढे दगडी कोठीत कळले की व्याज शेकडा सात, परंतु दोन वर्षे हात लावायचा नाही, लावला तर व्याज बुडाले. आणि चौकात नवी कोठी उघडली होती, तिचे दारात ढोल वाजत होते, आणि ओरडणारा ओरडत होता, "शेकडा चोवीस! शेकडा चोवीस!" आणि निम्मे शहर तेथे रांगेत होते.

सटवाजींस घाम फुटला. चोवीस म्हणजे दोन वर्षांत हत्तीण तर येईलच, वर तिला झूल आणि सगुणेला पाटल्याही येतील, ऐसा विचार करून त्यांनी हौसास ढोलाचे कोठीचे आवारात वळविली. हौसाने एक पाय उचलला, फरशीवर ठेविला, दाबून पाहिला आणि मागे घेतला. सटवाजींनी टाचेने इशारा केला, गोडीने सांगितले, मग शिव्याही दिल्या, परंतु हौसा हलेना. तेव्हा ते खाली उतरले आणि अंकुशाने फरशी ठोकून पाहती तो काय, फळ्या! वर दगडाचा रंग दिलेला, खाली पोकळ. हत्ती पोकळ जागेवर पाय देत नाही, हे प्रत्येक माहूत जाणतो, आणि चाळीस वर्षे ज्या पायांवर जीव टाकला त्यांचे ऐकायचे की ढोलाचे, हे सटवाजींस शिकवावे लागले नाही. ते मागे फिरले.

इतक्यात त्या कोठीचा मुनीम धावत आला. "अरे माहुता, परत काय चाललास? पैसे तुझे का हत्तिणीचे?"

"हत्तिणीचेच," सटवाजी बोलिले आणि वर चढले.

मग नवरा-बायको चिंचोके मांडून बसली. सगुणाबाई म्हणाल्या, सगळे दगडी कोठीत टाका. सटवाजी म्हणाले, "अगं, सगळा कडबा कोणी गंजीत रचून वर माती लिंपतं का? चार पेंढ्या दारात ठेवाव्या लागतात, जनावर आहे, कधी काय होईल." आणि बाईंस ते पटले. साडेआठशे दगडी कोठीत आणि पन्नास सोनेरी कमानीखाली ऐसे ठरले. दगडी कोठीचे कारकुनाने पुसले, तुमचे मागे रक्कम कोणास द्यावी? सटवाजी सवयीने "हौसा" बोलून गेले, आणि कारकुनाने लिहून घेतले. हे सगुणाबाईंस कळले तेव्हा त्यांनी तीन दिवस नुसती भाकरी वाढली, वर कालवण नाही. मग सटवाजी कोठीत जाऊन नाव बदलून आले. घंगाळ मात्र घरी आले, आणि हौसा त्यात सोंड बुडवून सगळ्या गल्लीवर पाणी उडवू लागली.

दुसरे साली आश्विनातच हौसाचे पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सुजला, आणि वैद्याने औषधाचे वीस रुपये सांगितले. तोवर कमानीखालचे पन्नासाचे बावन्न जाहले होते, त्यातून वीस काढिले, दगडी कोठीस हात लाविला नाही. पाय बरा जाहला. त्याच साली श्रावणात चौकातली ढोलाची कोठी ढोलासकट नाहीशी जाहली, आणि लोक रिकाम्या फळ्यांवर बसून रडले. सटवाजींनी हौसास त्या दिवशी दोन ऊस जास्ती दिले.

मग दोन वर्षे भरली आणि विक्रीचा दसरा उजाडला. दगडी कोठीने साडेआठशेवर एकशे एकोणीस व्याज दिले, नऊशे एकोणसत्तर जाहले. सोनेरी कमानीने वर्षाचा दंड तीन रुपये कापून, एक रुपया व्याज घालून, तीस दिले. सदरेवर कारकुनाने मोजले, दोनदा मोजले आणि मान वर केली. "नऊशे नव्व्याण्णव. एक कमी."

रंगोबा हसले. "एका रुपयासाठी जन्म गेला की रे सटवाजी!" आणि नगारची टिपऱ्या हातात घेऊन उभा राहिला.

सटवाजींनी हौसाकडे पाहिले तो तिचे पाठीवर सगुणाबाई बसल्या होत्या, माहुताची बायको असून जन्मात पहिल्यांदा, आणि त्यांचे मांडीवर घंगाळ होते. "दंड ज्यांनी कापला त्यांचंच आहे," ऐसे ओरडून त्यांनी ते वरून सदरेवर टाकिले, आणि जो आवाज जाहला तो ऐकून नगारची दचकला आणि टिपऱ्या हातातून गळाल्या. कारकुनाने घंगाळ तोलले, चार रुपये लाविले, हजार पुरे जाहले, आणि तीन रुपये परत दिले.

त्या तीन रुपयांचा गूळ आणिला. निम्मा हौसाने खाल्ला, उरलेला रंगोबा ठेकेदारासह सर्वांस वाटिला, आणि रंगोबांनी दोनदा मागून घेतला.

तात्पर्य, रक्कम नऊशे, व्याज घरी आले, घंगाळ गेले, हत्तीण राहिली. सटवाजी, सगुणाबाई आणि हौसा तिघे रानाचे कडेस सुखात राहिली, आणि हौसा आता ओढ्यातच पाणी पिते. इतकेच घडले, इतकेच लिहिले.