उजव्या पानाचा वाचक

आमचे बुधाजी तात्या पुस्तकाचं फक्त उजवं पान वाचतात.

डाव्या पानावर टोपी ठेवतात. पान संपलं की डोळे मिटायचे, टोपी उचलायची, पान उलटायचं, चाचपून टोपी पुन्हा डावीकडं ठेवायची आणि मग डोळे उघडायचे. हे दुसऱ्या कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेऊन बसवलं असतं. पण मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे माझी बोलती बंद.

आसनगाव स्टेशनापासून रिक्षानं थोडं आत आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत गावाचं वाचनालय आहे. वाचनालय म्हणजे दोन कपाटं, एक टेबल आणि मी. नोकरीवाले सकाळी कल्याणकडं पळतात, पोरं मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात. राहता राहिल्या काही बायका आणि तात्या. कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. मुलगा-सून दिवसभर कामावर, हे ओट्यावर. रहस्य, प्रेम, घरगुती, काय वाटेल ते वाचतात. भुताची पुस्तकं मात्र नको म्हणतात. "भुतं कसाऱ्याच्या घाटात पायलीला पन्नास बघितली, वैनी. पैसे भरून कशाला वाचायची?"

सुरुवातीला मला त्यांचा संशयच आला. विटेएवढी कादंबरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत.

"वाचली?"

"वाचली."

"एवढी सगळी?"

"निम्मीच तर होती."

मला वाटलं, म्हातारा माझी टिंगल करतोय. मग मी त्यांना एकेका पुस्तकाची गोष्ट विचारायला लागले आणि माझी करमणूक सुरू झाली.

एका प्रेमाच्या कादंबरीबद्दल म्हणाले, "पोरगी फास्ट हाय. एका पानावर त्याला दारातून हाकलला, दुसऱ्या पानावर भरवतेय." मधल्या पानावर त्या बिचारीनं रडून रडून उशी भिजवली होती, पण ती डावीकडं. तेवढ्यावर तात्यांनी आमच्या पाणीपुरवठ्याच्या गणेशला सल्लाही दिला. गणेशचं एका मुलीवर मन बसलेलं आणि तिचा बाप ऐकत नव्हता. तात्या म्हणाले, "बापाला काय विचारू नको रे. डायरेक पान उलट. राजी होतोय." गणेशनं पान उलटलं. बापानं त्याला उलटा केला. महिनाभर तो तात्यांच्या ओट्यावरून जायचं टाळत होता.

घरगुती कादंबऱ्यांत तर फार गोंधळ. एका पुस्तकातली सासू निम्म्यातच डाव्या पानावर वारली. तात्यांना ते ठाऊकच नाही. शेवटापर्यंत ते तिची वाट बघत राहिले. पुस्तक टेबलावर आपटून म्हणाले, "काय घर हाय का काय हाय. म्हातारी कुठं गेली, जेवली का नाय, एक जण विचारत नाय. सून नुस्ती फोटोला हार घालत बसलीय."

"तात्या, तो हार कुणाच्या फोटोला घातला?"

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं. "तेवढं समजून घ्यायचं."

कुठंही अडलं की हेच. प्रेत उठून चहा प्यायलं, समजून घ्यायचं. मुंबईतला हिरो पुढच्या ओळीत दिल्लीत, समजून घ्यायचं. गावातल्या बायका आधी पुस्तक वाचायच्या, मग तात्यांकडून गोष्ट ऐकायच्या. त्यांची गोष्ट बहुतेक वेळा जास्त बरी निघायची.

एका रविवारी मी त्यांच्या सुनेकडं विरजण मागायला गेले. तात्या ओट्यावर, मांडीवर पुस्तक, डाव्या पानावर टोपी. तेव्हा मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "हे काय चाललंय? आज सांगितल्याशिवाय मी हलणार नाही."

"डावं पान माझं नाय," तात्या म्हणाले. "आमच्या बायचं हाय."

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण ठकूबाय, धसईला दिलेली. लहानपणी शाळेतून एका घराला एकच पुस्तक मिळायचं आणि ही दोघं त्याच्यावरून झिंज्या उपटायची. शेवटी आईनं वाटणी करून दिली. बायनं डावीकडं बसायचं, डावं पान मोठ्यानं वाचायचं. बुधानं उजवीकडं बसायचं, उजवं वाचायचं. एकानं दुसऱ्याच्या पानात डोकवायचं नाही, आईची शपथ. पुढं लग्न झालं तरी बाय माहेरी आली की हाच कार्यक्रम.

"मग आता येत नाहीत का?"

तात्यांनी टोपीसकट पुस्तक मिटलं आणि सांगायला लागले. हायवेच्या बाजूच्या त्यांच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला, असा बहिणीचा कागद लागत होता. तात्यांनी तो एजंटाच्या हातानं धसईला धाडला. बायनं तिथल्या तिथं सही केली, एजंटाला चहा पाजला, आणि त्यानंतर माहेरात पाय ठेवला नाही.

"बायला जमीन नको होती, वैनी. मी जाऊन विचारायला पायजे होतं. लाज वाटली, म्हणून मानूस धाडला. भाऊबीजेलाबी गेलो नाय."

"मग आता जा की."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला त्यांचा राग आला आणि कणवही आली. दोन्ही एकदम आलं की मी काहीतरी उपद्व्याप करते, माझा स्वभावच तसा. घरी येऊन विरजण लावलं आणि दुसऱ्या दिवशी कपाटातून गावात वाचून झालेलं एक रहस्य काढलं. ते नीट तपासून मुद्दाम तात्यांना दिलं.

दोन दिवसांनी तात्या टेबलासमोर उभे. "वैनी, ह्याला शेवट नाय."

"आहे."

"इनस्पेक्टर म्हनतो, खुनी याच खोलीत हाय. आनि पुढचं पान कोरं."

"उजवं कोरं आहे, तात्या. शेवट डावीकडं आहे."

त्यांचा चेहरा पडला. "सांगा ना मग."

"मी नाही सांगणार. ज्यांचं पान आहे त्यांना विचारा."

गावालाही मी दम भरून ठेवला होता की जो कुणी खुन्याचं नाव सांगेल त्याला पुन्हा पुस्तक मिळणार नाही. तात्या दारोदार फिरले. खोलीतल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला, मग इन्स्पेक्टरवर घेतला. गणेशनं जुना सूड उगवला. म्हणाला, "तात्या, आता डायरेक पान उलटा." पण तात्यांनी टोपी उचलली नाही. आईची शपथ म्हणजे शपथ. त्यांना जेवण गोड लागेना, सून माझ्याशी भांडून गेली.

आणि मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले. "वैनी, धसईला बाजार करायचाय का तुमाला?"

मला काहीही बाजार करायचा नव्हता. मी पिशवी उचलली. शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून धसई, दोन्ही गाड्यांत तात्या खिडकीला चिकटून. पुस्तक छातीशी धरलेलं.

ठकूबाय ओट्यावर भेंडी निवडून पाटीत भरत होत्या. भावाला बघून त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. तात्यांनी ना रामराम, ना काही. पुस्तक पुढं केलं.

"बाय, ह्यात खून कुनी केला तेवढं बघ."

"का? आज एजंटाला नाय धाडलंस?"

तात्या पायरीवर बसले. "चुकलो, बाय. मी यायला पायजे होतं."

"कागदाचं मी समजून घेतलं असतं रे बुधा. सही काय, अंगठाबी दिला असता. पन मला विचारायला तुला परका मानूस लागला." त्यांनी हातातली भेंडी कडकन मोडली. "किती दिवाळ्या मी दाराकडं बघत बसले."

तात्यांनी टोपी काढली आणि तिच्यातच तोंड घालून रडले. मी भेंडीकडं बघत उभी राहिले. भेंडी कोवळी होती.

मग ठकूबायनं पदराला हात पुसले, चष्मा लावला, पुस्तकाचं शेवटचं पान काढून मनात वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"कोन गो?" तात्यांनी टोपीतून विचारलं.

"असं सांगून काय मजा नाय. पहिल्यापासून घे. सरक तिकडं."

आणि त्या त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या.

मी बाजारात गेले, नको असलेले वाल आणि नको असलेले तांदूळ घेतले, ओळखीच्यांशी गप्पा मारल्या. परत आले तर पाटी तशीच, भेंडी तशीच. ठकूबाय बोट ठेवून मोठ्यानं वाचत होत्या, तात्या ऐकत होते, टोपी डोक्यावर होती.

"तात्या, उठा," मी म्हटलं. "शेवटची गाडी जाईल."

"जाऊ दे, वैनी," तात्या मान वर न करता म्हणाले. "अजून खूनच झाला नाय."