ओव्हर म्हटल्याशिवाय उत्तर नाही

नाना चौगुले भाजीवालीला 'मेथी कशी दिली?' असं विचारत, मग तळहात वर करत आणि म्हणत, 'ओव्हर.' तिनं भाव सांगून, हात वर करून 'ओव्हर' म्हटलं तरच पुढचं बोलणं. नाहीतर नाना ढिम्म उभे आणि मागे गिऱ्हाइकांची रांग.

नाना पलटणीत बिनतारी यंत्रावर होते; तिथे 'माझं झालं, आता तुम्ही बोला' याला 'ओव्हर' म्हणत. हवालदार म्हणून रिटायर झाले आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात यंत्राशिवाय तीच नोकरी पुढे चालवू लागले. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी बदली होऊन तिथे राहायला गेलो, तोवर अख्खा बोळ बिघडला होता. दूधवाला दारात ओरडायचा, "मास्तर, मास्तर, दूध आलंय, ओव्हर." मी 'बरं' म्हटलं तर हलायचा नाही.

"बरं न्हाय चालत. रॉजर म्हणायचं, म्हंजी ऐकलं. आन् किती पायजे ते सांगायचं, मी परत म्हणणार."

मी मुकाट्यानं 'रॉजर, अर्धा लिटर' म्हणायचो. शेजारचे बापू बायकोशी भांडण 'आउट', म्हणजे बोलणं बंद, असं म्हणून संपवायचे. तिनं 'से अगेन', म्हणजे परत सांगा, म्हटलं की ते पहिल्यापासून सुरू. कुणाचं काय चाललंय, मला कधीच उमजायचं नाही.

नानांची बायको आक्का मात्र वर्षभरात मला बाहेर बसलेली दिसली नव्हती. संध्याकाळी बायका कट्ट्यावर जमल्या की नाना तिला म्हणत, "जा की. बस जा चार बायकांत." ती मान हलवून आत जाई. "लई ताठा हाय," बायका म्हणत. नानांचा चेहरा एवढासा होई. तिनं चार बायकांत बसावं, याशिवाय त्या माणसाला दुसरं काही नकोच होतं.

एकदा शाळेत हेडमास्तरांशी बोलून झाल्यावर माझा हात आपोआप वर गेला. मला बाहेर जायचंय असं वाटून, सगळ्या शिक्षकांदेखत ते म्हणाले, "जाऊन या." मी तडक नानांकडे.

"नाना, लढाई कधीच संपली. आता साध्या माणसासारखं बोला."

नानांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"मास्तर, हिला ऐकू येत न्हाय धड. बोळात कुणाला म्हाईत न्हाय. चार वर्सांमागं एक बाई नवऱ्याचं दुखणं सांगत हुती, ही हसून म्हणाली 'बरं झालं.' सगळ्या हिच्याकडं बघाय लागल्या. तवापास्नं भाईर बसत न्हाय." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "दोनदा नाव घेतलं की ही तोंडाकडं बघती. हात वर झाला की कळतंय, आता आपला नंबर. परत म्हणून घेतलं की चुकलं का तेबी कळतंय. निस्तं हिच्यासाठी लावलं असतं तर लाजून मेली असती. मग लावलं सगळ्या बोळाला."

मला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवसापासून बोळात माझ्याइतका कडक शिस्तीचा माणूस नव्हता. हात वर न करणाऱ्याला मी उत्तरच देत नसे.

दिवाळीच्या तोंडावर आक्का कट्ट्याच्या टोकाला येऊन बसली. बापूंची बायको म्हणाली, "आक्का, आक्का, चकलीची भाजणी कशी करता? ओव्हर."

आक्का तिच्या तोंडाकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "चकलीची भाजणी, व्हय?" आणि सांगायला लागली. तांदूळ किती, डाळ किती, धने कधी भाजायचे, सासूबाई कुठं चुकायच्या. दिवे लागले तरी चालूच.

नाना आणि मी त्यांच्या दाराआड उभे होतो. मी निघायला लागलो तर त्यांनी माझा दंड धरला. डोळे भरले होते.

"थांबा मास्तर. चार वर्सांत एवढी बोलल्याली मी बी ऐकली न्हाय."