लांब पल्ल्याची गोळी

"यंदा सातशे यार्ड!" लायल हॉगस्टाडने कॉफीचा मग टेबलावर आपटून जाहीर केलं. "एकच गोळी! खांद्याच्या मागे, दोन्ही फुप्फुसांतून आरपार. एल्कला कळायचंसुद्धा नाही की आपण मेलो!"

दुकानात बसलेल्या टोपीवाल्या मंडळींनी माना डोलावल्या. मोंटानातल्या त्या गावात शाळेची बस चालवणाऱ्या माणसाला एरवी कोण विचारतो! पण लायलचा या वर्षीचा रुबाब वेगळा होता. वरच्या डोंगरातला शिंगाडा एल्क, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाचा शिंगवाला नर, मारायचा परवाना सोडतीत निघतो, आणि लायलच्या नावाला सोडत नऊ वर्षं ओळखत नव्हती. यंदा ओळखलं. आता हंगाम संपेपर्यंत एल्क मारला तर ठीक, नाहीतर परवाना रद्दी, आणि लायल पुन्हा रांगेच्या शेपटाला. म्हणजे पुढची संधी मिळेपर्यंत गुडघे डोंगर चढतील की नाही, देव जाणे.

बायको व्हर्नाचं म्हणणं साधं होतं. "फ्रीझर रिकामा आहे. तो भर."

पण लायल पडला चौकस! सरळ जाऊन एल्क मारेल तर तो लायल कसला? आधी त्याला गोळी समजून घ्यायची होती.

गोळीचं असं आहे बघा. मांसात शिरली की ती फुलायला हवी. लांबून मारलेली गोळी वाटेतच थकते, म्हणून ती मऊ हवी. कडक असली तर न फुलता आरपार जाते आणि एल्क शेजारच्या खोऱ्यात जाऊन आरामात मरतो. पण तीच मऊ गोळी जवळून मारली तर शिरताक्षणी फुटते आणि खांद्याच्या मांसाची पार चटणी! एवढं कळल्यावर माणूस गप्प बसेल? लायल बसला नाही. दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरून त्याने खडीच्या खाणीत ओळीने मांडले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मग भिजवलेल्या जुन्या कॅटलॉगच्या गठ्ठ्यांवर झाडल्या. फुललेल्या गोळ्या चिमट्याने उपसून घरी आणल्या आणि व्हर्नाच्या मफिनच्या साच्यात, एकेका खळग्यात एकेक, अशा जपून ठेवल्या.

पुढच्या रविवारी व्हर्नाच्या भावाच्या, ड्वेनच्या दाताखाली कटकन आवाज झाला.

"ताई, मफिनमध्ये काय घातलंस?"

"ब्लूबेरी!"

ड्वेनने तोंडातून तांब्याची चकती काढली. लायलने ती झडप घालून हिसकावली. "अरे, हीच शोधत होतो की मी! बघ, बघ, कशी फुललीय! पाकळ्या मोज!"

"दाजी, माझा दात मोजा आधी!"

गोळी ठरली. मऊ, लांब नाकाची, सातशे यार्डांची. आता नेम. एल्क काय कायम आडवा उभा राहतो? कधी तिरपा, कधी पाठमोरा. प्रत्येक वेळी फुप्फुसाची वाट निराळी. ही वाट लायलला नीट बघायची होती, आणि त्यासाठी अंगणात जिवंत एल्क हवा होता. तो मिळणं शक्य नव्हतं, म्हणून ड्वेन मिळाला.

शनिवारी दुपारी ड्वेन अंगणात चार पायांवर उभा. शर्टावर बरगडीपाशी व्हर्नाच्या लिपस्टिकने काढलेला गोल. गॅरेजच्या छपरावर लायल पालथा पडलेला, हातात झाडूचा दांडा, डोळा बारीक.

"तिरपा हो! अजून! पुढचा पाय पुढे घे!"

"दाजी, गुडघे गेले माझे."

"एल्क बोलत नाही! मान खाली घाल. चर थोडा."

"इथे बर्फ आहे!"

"मग बर्फ चर!"

नेमकी त्याच वेळी पास्टरांची बायको बटाट्याचा कॅसरोल घेऊन फाटकातून आत आली. तिने बर्फ चरणारा ड्वेन बघितला. छपरावरचा लायल बघितला. लिपस्टिकही बघितली. कॅसरोल पायरीवर ठेवून ती व्हर्नाच्या कानाशी लागली, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

"ठीक कुठलं! हंगाम आहे," व्हर्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये हॉगस्टाड कुटुंबाच्या मनःशांतीसाठी प्रार्थना झाली. ड्वेनने ती डोळे घट्ट मिटून, अगदी मनापासून केली.

मग हंगाम उघडला आणि खरी पंचाईत सुरू झाली. एल्क दिसेनात असं नव्हतं. दिसत होते! पण जवळ!

पहिल्याच आठवड्यात एक भरदार शिंगाडा झाडीतून बाहेर आला, हाकेच्या अंतरावर. ड्वेनने स्वतःचा एल्क खालच्या रानात पहिल्याच दिवशी उरकला होता आणि आता तो दाजींबरोबर हमाल म्हणून हिंडत होता. त्याने कोपराने ढोसलं.

"दाजी, मारा!"

"जवळ आहे."

"जवळ आहे म्हणूनच मारा!"

"अरे, गोळी लांबची आहे! इथून मारली तर फुटेल. तुझ्या ताईचा खांद्याचा रोस्ट गेला समज."

"मग दुसरी गोळी घाला."

"दुसरी वेगळी उडते. दुर्बीण हिच्यावर बसवलीय."

"मग फासळीत मारा! तिथे कुठलं आलंय मांस?"

"आणि फुटून तुकडा आतड्यात गेला तर? तुकडा कुठे जातो यावर अजून माझा अभ्यास झालेला नाही!"

हा अभ्यास होईपर्यंत एल्क निघून गेला. पुढच्या आठवड्यात आणखी एक आला, तोही जवळच. सातशे यार्डांवर मात्र रोज नुसता डोंगर. बंदूक खांद्याला लावून लायल त्या लांबच्या उतारावर तास न् तास नेम धरून बसे. तिथे कधी कावळासुद्धा उतरला नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी व्हर्नाने कोट चढवला. "मीही येते. आज रिकाम्या हातांनी परतलास तर हिवाळाभर डब्यातला ट्यूना. सकाळ-संध्याकाळ!"

तिच्याकडे साधा परवाना होता, कुणालाही दुकानात मिळतो तो. डोंगराच्या मध्यावर काटेरी तारेचं कुंपण आहे. कुंपणाच्या वर सोडतीवाल्यांचा इलाखा, खाली साध्या परवान्याचा. एकाचा परवाना दुसऱ्याच्या बाजूला चालत नाही. कुंपणाखाली सगळ्या गावाला मुभा, म्हणून पहिल्या दिवसानंतर एल्क सहसा खाली येतच नाहीत. माणसांना पाठ नसतील इतके नियम एल्कांना पाठ आहेत. व्हर्ना कुंपणाखालच्या एका धोंड्यावर थर्मास, सँडविच आणि वडिलांची जुनी बंदूक घेऊन बसली. लायल आणि ड्वेन वर चढले.

धुकं विरलं. समोर शिंगाडा! असा एल्क त्याने नऊ वर्षांत स्वप्नातही पाहिला नव्हता. शिंगं म्हणजे जणू वठलेली दोन झाडं. आणि तो उभा होता साठ यार्डांवर.

"दाजी," ड्वेन कळवळून पुटपुटला, "आज शेवटचा दिवस. रोस्ट गेला खड्ड्यात. मारा!"

लायललाही ते पटलं. त्याने दुर्बिणीला डोळा लावला. आत नुसते केस! सातशे यार्डांसाठी पिळून मोठी केलेली ती दुर्बीण. तिच्यात तपकिरी केस आणि केसांत एक गोचीड. खांदा आहे की ढुंगण, काही कळेना!

"पिळून लहान करा ना!"

थंडीत दुर्बिणीची पिळायची कडी गोठून घट्ट बसली होती. हलेचना.

"मागे सरकू या," लायल कुजबुजला. "पुरेसं मागे गेलो की सगळा दिसेल. गोळीलाही बरं!"

मग दोघं पोटावर झोपून उलटे सरपटू लागले, पाय पुढे, डोकं मागे. एल्कने मान वर केली. आयुष्यात त्याने पळणारी माणसं पाहिली असतील, दबा धरून बसलेलीही पाहिली असतील. पण नारिंगी जाकीट घालून उलटं जाणारं हे कुठलं जनावर? वारा लायलच्या तोंडावर येत होता, त्यामुळे एल्कला माणसाचा वासही लागेना. त्याने कान टवकारले आणि चार पावलं पुढे टाकली.

लायलने अंतर मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं. "पंचावन्न? मी मागे जातोय आणि अंतर कमी होतंय! हे कसं काय?"

"तो चालतोय, दाजी! आपण सरपटतोय!"

दोघं उठून वाकून उलटे पळू लागले. एल्कही दुडक्या चालीने निघाला. दोघं थांबले की तोही थांबे, मान तिरकी करून बघे, नाकाने फुसफुस करी. आता त्या डोंगरावर कोण जास्त चौकस होतं, सांगणं कठीण! लायल उतारावरून धडपडत मागे, एल्क डौलात पुढे. वरात नुसती!

"पन्नास! पंचेचाळीस! अरे, थांब ना रे बाबा तिथेच!" लायल चक्क एल्कला विनवू लागला.

आणि पार्श्वभागात काहीतरी टोचलं. टर्रकन विजार फाटली, लायल कोलांटी खाऊन तारांपलीकडे पडला आणि पाठोपाठ ड्वेनही. एल्कने कुंपणापाशी क्षणभर विचार केला. मग उंबरा ओलांडावा तसं कुंपण ओलांडून तो या बाजूला आला आणि मस्त आडवा उभा राहिला.

"मारा आता!" ड्वेन किंचाळला. "आता तर मांडीवर येऊन बसतोय!"

लायलने बंदूक खाली केली. त्याला रडू येत होतं. "नाही मारता येत रे. कुंपण! माझा परवाना वरचा."

धाड!

एल्क दोन पावलं चालला, गुडघ्यांवर बसला आणि शांतपणे आडवा झाला.

धोंड्यावर व्हर्ना उभी होती. बंदुकीतून धूर निघत होता. सँडविच तिने दातांत धरलं होतं. ते काढून ती म्हणाली, "किती वेळ लावलात! कॉफी गार झाली माझी."

लायल धावत एल्कपाशी गेला. गोळी खांद्याच्या मागून, दोन्ही फुप्फुसांतून आरपार. रोस्टला धक्काही नाही! खिशात नऊ वर्षांचा कोरा परवाना होता. पण चौकस माणसाचा स्वभाव कुठे जातो?

"व्हर्ना, कुठली गोळी?"

"खोक्यात होती ती."

"मऊ की कडक?"

"पितळेसारखी पिवळी दिसते ती. मला काय माहीत!"

"बरं, नेम? नेम कुठे धरलास?"

"एल्कवर," व्हर्ना म्हणाली.

लायलने चाकू काढला आणि विचारलं, "पाय कोण धरतंय?"

पण आधी फोटो. शिकार ज्याची, तो शिंगं धरून बसतो, हा रिवाज. म्हणजे व्हर्ना बसली. बाजूला ड्वेन दात काढून बसला. कॅमेरा अर्थातच लायलच्या हातात.

"थोडा मागे सरक ना रे," व्हर्ना ओरडली. "शिंगं मावणार नाहीत!"

"नाही!" लायल पाय रोवून गरजला. फाटक्या विजारीतून वारा आत शिरत होता. "आज मी आणखी एक पाऊलसुद्धा मागे सरकणार नाही!"

तो फोटो व्हर्नाने चौकट करून बैठकीत लावलाय. त्यात ती हसतेय, ड्वेन हसतोय आणि एल्क कानांपाशी संपतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो निरखून बघतो आणि लायलकडे वळून विचारतो, "मादी होती का?"